परभणी घे

आमच्या नेरूळचे जनावरांचे डॉक्टर माणसांशी एका शब्दात बोलतात, जनावरांशी मात्र अखंड. माझ्या मुलीला पशुवैद्यक व्हायचंय, म्हणून ती त्यांच्या दवाखान्यात मदतीला जाते. कॉलेज कुठलं घ्यावं, असं तिने त्यांना कितीदा विचारलं, तर दर वेळी नुसतं "बघू."

परवा टेबलावर शेवटच्या इंजेक्शनसाठी आणलेला म्हातारा कुत्रा होता. अशा वेळी मालक बाहेर जाऊन उभे राहतात, याचेही गेले.

"धर," डॉक्टर मुलीला म्हणाले. सुई टोचून ते कुत्र्याच्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात सुरू झाले, "परभणी घे, बाळा. ऊन फार, पण गाई-म्हशी भरपूर बघायला मिळतात. आणि हॉस्टेल..."

कुत्र्याची मान तिच्या हातावर कलंडली. डॉक्टर सरळ उभे राहिले.

"हॉस्टेलचं काय, सर?" मुलीने विचारलं.

"बघू."