तारखा जपणारे देवरे नाना

एंटर दाबण्याआधी देवरे नाना दोन्ही हात मागे घेत. कमांड टाइप करून झाली की हात मांडीवर ठेवायचे आणि पडद्यावरचं एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचे. वाचून संपलं की मगच उजव्या हाताचं एक बोट पुढे यायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावच्या एका तंत्रनिकेतनात मी डेटा एंट्रीला लागले, तेव्हा मला याचं हसू यायचं.

नाना शिरपूरकडचे, पन्नाशी ओलांडलेले. आधी कचेरीत कारकून होते. संस्थेत संगणक आला आणि तो शिकायला कोणी पुढे होईना, तेव्हा हे पुढे झाले. रोज संध्याकाळी पाचला ते साऱ्या फाइली टेपवर उतरवून ठेवत.

"फाइल म्हणजे नुसता मजकूर नसतो, मंगला," ते म्हणायचे. "कोणी लिहिली, कधी लिहिली, कोणाला उघडता येते, हेही तिच्यासोबत असतं. तेही जसंच्या तसं परत आलं पाहिजे."

टेपवरून फाइली परत आणताना कमांडमध्ये 'एम' हे अक्षर घालावं लागे. ते राहिलं तर यंत्र प्रत्येक फाइलवर आजची तारीख टाकी. आणि हे काम नानांच्या मुख्य पासवर्डनं न करता आपल्या खात्यातून केलं, तर फाइलींवर मालक म्हणून आपलंच नाव बसे. "एम भुलनी ते बठ्ठं आजनं व्हई जास," नाना बजावायचे. एम विसरलीस तर सगळं आजचं होऊन जाईल.

मी विसरले.

प्रवेशाचे दिवस होते. नानांचा भाऊ आजारी पडला म्हणून रविवारी ते शिरपूरला गेले आणि मंगळवारी डिस्क बंद पडली. इंजिनिअरनं नवी बसवून दिली. प्राचार्य दारात उभे राहून म्हणाले, "दोनपर्यंत यादी लागली पाहिजे." मी शनिवारची टेप लावली, माझ्याच खात्यातून, घाईघाईत. फाइली आल्या, यादी छापली, फलकावर लागलीसुद्धा. मी स्वतःवर खूश होते.

बुधवारी एरंडोलहून एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलीचं नाव ज्योती पाटील. एका विषयाचे गुण कमी नोंदले गेले होते म्हणून त्यांनी गुणपत्रिका टपालानं पाठवली होती. पण यादीत गुण वाढले होते ते दुसऱ्याच ज्योती पाटीलचे, असोद्याच्या. जागाही तिलाच मिळाली होती.

प्राचार्यांनी गुणांची फाइल बघायला सांगितली. तारीख: काल. मालक: मी.

"तुमचं गाव कोणतं?" त्यांनी विचारलं.

"असोदा," मी म्हणाले.

शुक्रवारी अकराला तिघांची समिती बसणार होती. तोवर मला संगणक कक्षात जायला बंदी. मी फाइल बदलली आणि टेपचं निमित्त करून तारखा पुसल्या, असं कचेरीत उघड बोललं जाऊ लागलं. घरी मी काही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी नाना एसटीतून उतरून थेट आले. मी बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एम?"

मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत.

"दोन्ही मुलींचे अर्जाचे क्रमांक काय?"

मी सांगितले. शेवटचे दोन आकडे तेवढे उलटसुलट होते. नाना माझ्याशेजारी बाकावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

अकराला समितीसोबत आम्ही संगणक कक्षात गेलो. नानांनी शनिवारची टेप पुन्हा लावली, वेगळ्या जागी, मुख्य पासवर्डनं. हात मांडीवर ठेवले. "आय. सी. डी. व्ही. एम." एंटर. टेप घरघरत फिरू लागली. समितीतले एक जण पेन उघडझाक करत होते.

फाइल आली. तारीख: शनिवार, दुपारचे चार. मालक: देवरे.

प्राचार्य पडद्याजवळ वाकले. "नाना, टेपमध्येच काही गडबड असेल," ते हळूच म्हणाले. त्यांनी नानांना सुटायची वाट करून दिली होती.

"टेप बरोबर आहे, साहेब," नाना म्हणाले. मग आपल्या बोलीत म्हणाले, "चूक मन्ही शे."

शनिवारी टपालानं आलेली गुणपत्रिका पाहून त्यांनीच दुरुस्ती केली होती, पण दुसऱ्या ज्योतीच्या क्रमांकावर. आमच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती केली की फाइल नव्यानं तयार होई आणि करणाऱ्याचं नाव तिच्यावर बसे.

"हे तुमच्या कधी लक्षात आलं?" पेनवाल्यांनी विचारलं.

"बाहेर बाकावर. क्रमांक ऐकले तेव्हा."

"मग टेप लावायच्या आधीच सांगायचं!"

"आधी सांगितलं असतं तर हिला वाचवायला मी अंगावर घेतोय, असं वाटलं असतं तुम्हाला."

मला रडू आवरलं नाही. नाना टेप काढून डबीत ठेवत होते.

यादी बदलली. दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "मला असोद्याला घेऊन चल." ज्योतीचे वडील केळीच्या बागेतून नुकतेच आले होते. नानांनी अंगणात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"तुम्ही इथपर्यंत हेच सांगाले आले?" वडील म्हणाले. "पोरीनं पेढे वाटले ना भाऊ गावात."

ज्योती दारात आली. "किती गुण कमी पडले मला?"

"चार."

"चारच?" ती म्हणाली आणि आत गेली.

परतीच्या एसटीत नाना खिडकीकडे तोंड करून बसले होते. जळगाव आल्यावर म्हणाले, "साहेबांसमोर सोपं होतं."

सोमवारी त्यांची बदली भांडार विभागात झाली. जाताना त्यांनी मला मुख्य पासवर्ड सांगितला, दोनदा म्हणवून घेतला. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मधेच थांबवलं.

"तो आजच बदल," ते म्हणाले. "आणि नवा कोणालाच सांगू नको. मलाही."