काकूची गिरणी आणि पन्नासचे दोन कंडेन्सर

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर मी नोकरीला लागले तेव्हापासून प्लास्टिकच्या पिशवीत होता. तपासणीच्या दिवशी तो टेबलावर यायचा, साहेबांनी मान डोलावली की परत कपाटात. वापरला तर बिघडेल, बिघडला तर डेड स्टॉक रजिस्टरात कारण लिहावं लागेल, म्हणून कुणी हात लावायचं नाही. त्यामुळे कपॅसिटर मी फळ्यावरच शिकवले. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले तर एकूण क्षमता घटते. शेजारी शेजारी, म्हणजे पॅरललमध्ये जोडले तर बेरीज होते. झोपेतून उठवलं तरी मी सूत्र सांगेन. खरा कपॅसिटर मात्र मी एकदाही मोजला नव्हता, आणि याची मला मनातून लाज वाटायची.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी सकाळी काकूचा फोन आला. घाटंजीजवळ आमच्या गावात ती पिठाची गिरणी चालवते. शाळेची चार वर्षं मी तिच्याकडेच राहिले होते. काका गेल्यापासून तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, तिला पुण्याला नेण्याचा धोशा लावला होता. ती त्याला दर वेळी एकच सांगायची : गिरणी चालू आहे तोवर मी इथंच, बंद पडली की येते. आता गिरणी तीन दिवस बंद होती, आणि काकू शब्दाला पक्की. मुलगा रविवारी गाडी घेऊन येणार होता.

"कंडेन्सर फुगला," काकू म्हणाली. "शंभरचा पाह्यजे, दुकानात पन्नासचेच हायेत. दोन आणून लावले. तरी मोटार नुसती घुमून राह्यली, फिरत नाई. तू पोरायले हेच शिकवतं न?"

कंडेन्सर म्हणजेच आमचा पुस्तकी कपॅसिटर, मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

प्रयोगशाळेतल्या परिचरांकडे मीटर मागितला तर ते म्हणाले, "मॅडम, बिघडला तर?" मी त्यांच्यावर खेकसले आणि रजिस्टरात इतक्या जोराने सही केली की पान फाटलं. दुपारी त्यांनीच बाजारातून मीटरची चौकोनी बॅटरी आणून माझ्या हातात ठेवली. मग मला फार ओशाळल्यासारखं झालं.

शनिवारी दुपारी गावात पोचले. गिरणीच्या पायरीवर ज्वारीचे डबे घेऊन दोन बाया बसल्या होत्या. गिरणी बंद आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी बसल्या होत्या. काकूने मोटारीचं झाकण उघडून ठेवलं होतं. आत दोन्ही कंडेन्सर एकामागे एक जोडलेले.

"असे काहून जोडले, काकू?"

"टॉर्चमंधी सेलामागं सेल टाकला की उजेड वाढते. मंग याची ताकद नाई वाढनार?"

मला हसू फुटलं. काकू म्हणाली, "हासू नको, बराबर कर." तिचं खरं होतं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं परीक्षेत हेच लिहितात. मी लाल रेघ मारते, पण असं का वाटलं म्हणून एकालाही कधी विचारलं नव्हतं.

मेन स्विच बंद केला. कंडेन्सरमध्ये उरलेली वीज बल्ब लावून उतरवली आणि दोन्ही सुटे करून मोजले. एक एकोणपन्नास पूर्णांक तीन मायक्रोफॅरड, दुसरा एकोणपन्नास पूर्णांक आठ. मग काकूने जोडले होते तसेच जोडून मोजले. चोवीस पूर्णांक आठ. इतकी वर्षं खडूने लिहीत आले ते माझ्या डोळ्यांसमोर खरं झालं होतं.

"दोन असून चोवीसच?" काकूने वाकून पाहिलं. "बाकीचे कुठी गेले?"

मी कोपऱ्यातल्या कोठ्यांकडे बोट दाखवलं. म्हटलं, शेजारी शेजारी ठेवल्या की दोन्हींत धान्य मावतं, तसं. काकू म्हणाली, "एकीवर एक ठेवल्या तरी मावते." कोठीचं उदाहरण तिथंच मोडलं. आता वर्गात हा धडा मी तिच्या ‘बाकीचे कुठी गेले?’ या प्रश्नानेच सुरू करते, आणि मीटर पिशवीबाहेर असतो.

मग दोन्ही शेजारी शेजारी जोडले. नव्याण्णव पूर्णांक एक.

"शंभर नाई झाले," काकू म्हणाली.

"एवढ्यावर चालते."

म्हणाले खरी, पण घट्ट केलेल्या वायरी पुन्हा एकदा ओढून पाहिल्या. मोटार फिरली नाही तर काकूला गावातून काढणारी मीच ठरणार होते. काकूला म्हटलं, बटण तूच दाब. तिने पदराला हात पुसले आणि दाबलं. मोटार घुमली. नुसतीच घुमली, असं मला वाटलं तेवढ्यात पट्टा सरकला, वेग धरला, आणि भिंतींवरचं जुनं पीठ आमच्या डोक्यांवर पडायला लागलं. पायरीवरची एक बाई उठली आणि तिने आपला डबा गिरणीच्या तोंडात ओतला.

तेवढ्यात भावाचा फोन आला, माझ्याकडे. मी बाहेर येऊन घेतला. "ताई, संध्याकाळी निघतोय. आईची बॅग भरून झाली का?"

काकूने माझ्या मागून येऊन फोन काढून घेतला. आत जाऊन तिने तो चालत्या गिरणीसमोर धरला. बराच वेळ धरला. मग कानाला लावला.

"आयकलं?" ती म्हणाली. "ये मंग उद्या. पीठ घेऊन जाय."