आठ हजारांत न बसलेली शिट्टी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, रेडिओ केंद्रात आवाज भरायचं काम करत. हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना 'कानवाले'च म्हणायचे. खुर्चीची कुरकुर, शेजारच्या खोलीत फाडलेला कागद, बोलणाऱ्याच्या पोटातली गुडगूड, यातलं काहीही त्यांच्या हेडफोनमधून सुटायचं नाही. लगेच काचेपलीकडून हात वर करायचे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. माणूस मात्र नाकासमोर चालणारा. ऑफिसातली टाचणी चुकून खिशाला अडकून घरी आली, तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवतील. मला अशा माणसांचा फार राग येतो. त्यांच्या सरळपणाचा भुर्दंड दुसऱ्यालाच बसतो, हे त्यांच्या गावीही नसतं. ताई हयात असताना मी हे त्यांच्या तोंडावर बोलायचे आणि ते हसायचे.

ताई त्याच केंद्रात मुलांच्या गोष्टी वाचायची. आमच्या आईच्या पुढच्या दोन दातांत फट होती, ती आम्हा दोघी बहिणींत उतरली. माझी बारीक, ताईची चांगली रुंद. त्यामुळे 'स' आणि 'श' म्हणताना तिच्या तोंडून बारीकशी शिट्टी निघे. 'ससा' म्हणाली की दोन शिट्ट्या. लहानपणी मी तिला 'कुकर' म्हणून चिडवायचे आणि धपाटा खायचे.

केंद्रात पहिल्यांदा आवाजाची परीक्षा झाली, तेव्हा साहेब म्हणाले, "बाई वाचतात छान, पण ही शिट्टी चालायची नाही." त्यावर आमचे हे कानवाले, तेव्हा अगदी पोरगेलेसे, पुढे होऊन म्हणाले, "मला एकदा बघू द्या." त्यांनी मायक्रोफोन तिच्या तोंडासमोरून किंचित बाजूला सरकवला. शिट्टी टोचेनाशी झाली, पण होती. ताईने विचारलं, "पूर्ण नाही का घालवता येणार?" तर म्हणतात कसे, "घालवता येईल. पण मग ऐकायला राहील काय?" झालं. अशा वाक्यावर मुलगी पटते हे मला तरी ठाऊक नव्हतं. वर्षाच्या आत लग्न लागलं.

ताई गेली तेव्हा माझी भाची पाच वर्षांची होती. आजार, दवाखाने, ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. भावजींनी पोरीला एकट्याने वाढवलं. मी दोन गल्ल्या सोडून राहत होते, वेणीफणीला आणि परीक्षेच्या वेळी जायचे. लहान होती तोवर पोर विचारायची, "मावशी, आईचा आवाज कसा होता गं?" मी सांगायचे, तुझ्यासारखाच. खरं तर तसा नव्हता. पोरीचे दात बापासारखे, एकाला एक चिकटून. रेडिओवर ताईच्या गोष्टी लागणं कधीच बंद झालं होतं. टेपांची चाकं तळघरातल्या कपाटांत पडून होती आणि घरी आणायची कुणाला परवानगी नव्हती. परवानगी नाही म्हटल्यावर आमच्या भावजींनी मागितलीसुद्धा नाही.

पुढे केंद्र लहान जागेत हलवायचं ठरलं आणि तळघरातल्या सगळ्या टेपा कॉम्प्युटरवर चढवायचं काम भावजींकडेच आलं. निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. रोज सकाळी खाली उतरायचे, टेप लावायची, कानाला हेडफोन, आणि संध्याकाळी डोळे चोळत वर यायचे. झालेल्या टेपेवर खडूने फुली मारली की ती भंगारात. निरोपसमारंभाच्या दिवशी साहेबांनी त्यांना ताईच्या सगळ्या गोष्टींची प्रत भेट दिली. असा आनंदलेला माणूस मी क्वचितच पाहिला असेल. त्याच संध्याकाळी आम्ही तिघं त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसलो, आणि इतक्या वर्षांनी ताई बोलू लागली.

तीच होती. तोच थांबा, तोच हसू दाबलेला सूर. भाची तोंडावर ओढणी धरून रडत होती. भावजी डोळे मिटून ऐकत होते. मी मात्र वाट बघत होते. ससा आला, सिंह आला, शहाणी शेळी आली, आणि एकाही ठिकाणी शिट्टी वाजली नाही. 'स' म्हणून जे काही होतं, ते उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं होतं. मला वाटलं मीच विसरले की काय. नाही, धपाटे खाल्लेलं माणूस विसरत नाही.

भाची चहा टाकायला आत गेल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, "भावजी, हे कॉम्प्युटरमध्ये भरतात कसं हो?"

त्यांच्या आवडीचा विषय. खुर्ची पुढे ओढून ते सांगू लागले. "हे बघा मेहुणीबाई, आवाज म्हणजे एक सलग लाट. टेपवर ती सलगच उतरते. कॉम्प्युटरला सलग काही कळत नाही, त्याला आकडे लागतात. मग तो काय करतो, थोड्या थोड्या वेळाने लाटेकडे डोकावतो आणि ती आत्ता किती उंच आहे, ते टिपतो. सेकंदाला आठ हजार वेळा."

"आणि दोन डोकावण्यांच्या मधे काय होतं ते?"

"ते आकड्यांवरून पुन्हा जुळवता येतं, अगदी तंतोतंत. फक्त लाट फार घाईची नको. जितक्या वेळा डोकावाल, त्याच्या निम्म्याच्या आतली थरथर हाती लागते. आठ हजार वेळा बघितलं, तर चार हजारांच्या आतली."

मी म्हटलं, "म्हणजे गॅसवरच्या दुधासारखं. दोनदा डोकावून आले तर सायीचा पत्ता लागतो, पण उतू जायचं ते मधल्या मधे जातं."

"बरोब्बर!" ते खूश झाले. "आणि गंमत अशी, की मधल्या मधे सुटलेलं ते गप्प बसत नाही. भलत्याच जाड आवाजाचं सोंग घेऊन परत येतं आणि चांगल्याची नासाडी करतं. म्हणून चार हजारांच्या वरचं सगळं आधीच गाळून टाकायचं."

"मग चार हजारांच्या वर असतं तरी काय?"

"झांजांची सळसळ, पक्ष्यांची किलबिल, असलं. म्हणून गाण्याला चव्वेचाळीस हजार लावतात. बोलण्याला आठ हजार पुष्कळ झाले, टेलिफोनवर आपण बोलतोच की. नियमच होता तसा, डिस्कमध्ये जागा कुठे होती."

शिट्टी कुठे गेली ते मला कळलं होतं. तरी विचारलं, "ताईसाठी गाण्याचा आकडा लावला असता तर?"

"लावून पाहिला ना! एक गोष्ट दोन्ही आकड्यांवर भरली आणि दोन्ही ऐकल्या. काडीचा फरक नाही. हेच कान आहेत, मेहुणीबाई." त्यांनी कानाची पाळी ओढून दाखवली. "मग बायकोची म्हणून ऑफिसची जागा जास्त अडवायची? लोकांनी काय म्हटलं असतं?"

"आणि शिट्टी?"

"आहे की! आत्ता ऐकलीत ना? 'ससा' म्हणाली तेव्हा?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच ऐकू येत होती. चाळीस वर्षं हेडफोन लावून त्या माणसाच्या कानाचा चार हजारांवरचा मजला कधीच ओस पडला होता, आणि त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. कानवाल्याला कोण सांगणार? जी शिट्टी ऐकून त्यांनी बायको केली, ती त्यांना आता आठवणीतूनच ऐकू येत होती. ती कित्येक वर्षांपूर्वीच आपल्या कानांतून गेली, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. मूळ टेपा वितळवून कुठे बादल्या झाल्या असतील, देव जाणे.

मी म्हटलं, "हो, ऐकली."

दुसरं काय म्हणणार होते? भाची चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, किती गोड बोलायची गं आई." तिच्यासाठी आई म्हणजे आता एवढंच होतं. ते तरी कुणी काढून घ्यावं? मी दाताखाली जीभ धरून चहा प्याले.

त्यानंतर कित्येक वर्षं हे असंच चाललं. दुपारच्या जेवणानंतर भावजी एक गोष्ट लावायचे. मी गेलेली असले तर मलाही बसवायचे, आणि ठरलेल्या जागी बोट वर करून म्हणायचे, "ही बघा!" मी मान डोलवायचे. पुढे पुढे तर त्यांचा चेहरा बघून मलाच कधीकधी शिट्टीचा भास व्हायचा. त्यांना इतर ऐकायला कमी येत चाललं होतं. दारावरची घंटा ऐकू येईना, 'सात' म्हटलं की 'हात' समजून विचारत बसायचे. एकदा मागून सायकलवाला घंटी बडवत आला, ती ऐकली नाही आणि गुडघे फोडून घेतले.

तेव्हा भाचीने कानाच्या मशीनचा हट्ट धरला. मी कधी नव्हे ती आडवी आले. म्हातारपणी कानात कशाला खुपसायचं, डोकं दुखतं, शेजारची बाई दोन दिवसांत काढून बसली, सुचेल ते बोलले. भाची माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, बाबा गाडीखाली यावेत असं वाटतं का तुला?" सांगावं तर पोरीची आई जाते, न सांगावं तर मशीन लागतं आणि भावजींची बायको जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तरी शेवटी मी भावजींनाच गाठून म्हटलं, "नका हो लावू. आहे त्यात काय कमी आहे?" तर म्हणाले, "अहो, तिची गोष्ट आणखी स्वच्छ ऐकू येईल!" त्यांनी तर तेवढ्यासाठीच होकार दिला होता.

दवाखान्यात मी मुद्दाम सोबत गेले. तपासणाऱ्या बाईंनी त्यांच्या कानांचा आलेख दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत जेमतेम सरळ होती आणि पुढे जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. "हे आजचं नाही," बाई म्हणाल्या. "वीसएक वर्षांचं तरी असेल." भावजींनी आलेख हातात घेतला. खालचे आकडे वाचायला त्यांना कुणाची मदत लागणार नव्हती. मला वाटतं त्यांना तिथेच कुणकुण लागली.

मग मशीन चढवलं. बाईंनी टेबलावरचा कागद उचलला, तसे ते दचकले. स्वतःच्या शर्टाची बाही चोळून पाहिली. खिडकीबाहेर एक चिमणी होती, तिच्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "कसं वाटतंय? सगळं स्पष्ट येतंय ना?" त्यांनी झटकन माझ्याकडे मान वळवली.

"मेहुणीबाई, तुमचीही शिट्टी आहे की हो, मी विसरलोच होतो!"

भाची हसली. मला हसू आलं नाही.

घरी आल्यावर चपला काढायच्या आत ते कॉम्प्युटरपाशी गेले. मी म्हटलं, आधी जेवा, मग आराम करा, आज कानांना ताण नको. ऐकतात कुठले! ताई बोलू लागली. ससा आला. त्यांचं बोट सवयीने वर गेलं आणि तिथेच राहिलं.

त्यांनी गोष्ट मागे नेली, पुन्हा लावली. स्पीकरची वायर काढून परत बसवली. मशीनची कळ दाबून पाहिली. दुसरी गोष्ट लावली, तिसरी लावली. भाची स्वयंपाकघरातून विचारत होती, "छान येतंय ना, बाबा?" आणि तिचा तो 'स' नसलेला प्रश्नही आता त्यांना खणखणीत ऐकू येत होता. त्यांनी तिला, "हो गं," म्हटलं. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मायक्रोफोन बाजूला घेऊन मी ती वाचवली होती," ते म्हणाले. "आणि मीच फुली मारली."

मी म्हटलं, "मशीन काढा, भावजी. काढून ऐका. पहिल्यासारखं येईल." मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी दोन्ही कानांतली मशीनं काढून माझ्या तळहातावर ठेवली, डोळे मिटले आणि गोष्ट लावली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ससा आला, सिंह आला, शहाणी शेळी आली. बोट मांडीवरून हललं नाही.

"आता तशीही येत नाही हो," ते म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नव्हता, म्हणून ते जरा मोठ्यानेच म्हणाले. आतून भाची पळत आली. काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिली, आणि आम्ही दोघांनीही तिला काही सांगितलं नाही.

दुपारची गोष्ट बंद झाली ती कायमची. मशीन ते वापरतात, रस्त्यावर, बाजारात, बिनशिट्टीच्या लेकीशी बोलताना. मी अजून दोन दिवसांआड जाते, काहीबाही करून नेते, समोर बसून गल्लीतल्या बातम्या सांगते. फक्त एक झालं आहे. दारात माझी चाहूल लागली की, खिडकीतून मला दिसतं, ते आधी दोन्ही कानांतली मशीनं काढून खिशात ठेवतात, आणि मग दार उघडतात.