रंगारी काकूंचे विजेचे पडदे

"पर्दे से बिजली? काकी, फिर तो दरवाज़े से दूध भी निकलेगा!"

जिना चढता चढता हे माझ्या कानावर पडलं. एक लांबलचक खोकं पहिल्या मजल्यावर आणून टाकून कुरिअरवाला रंगारी काकूंच्या दारात घाम पुसत उभा होता. मी किल्ली हातात धरून खालच्या पायरीवरच थांबले. आमचं दार त्यांच्या दारासमोर. पुढे गेले असते तर दोघांपैकी कुणाशी तरी बोलावं लागलं असतं.

"निघन नं बाबू," काकू म्हणाल्या. "तू उद्या ये, त्याच दुधाचा चहा पाजतो तुले."

तो हसला, त्यांनी दिलेलं माठातलं पाणी प्यायला आणि गेला. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात वरून आवाज आला, "अन् तू काहून भिंतीले चिकटली व? पाल होय काय? ये वर. इंग्रजी वाचता येते नं तुले?"

काकू आता नाहीत. असत्या तर मला हे लिहावं लागलं नसतं. त्यांनीच ते मध्य प्रदेशातल्या आमच्या सगळ्या बालाघाटला सांगितलं असतं, तेही बरंच वाढवून.

तिरोडीकडच्या गावांमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. त्या सरकारी नर्स होत्या. लसींचा बर्फाचा डबा खांद्याला लावून पायी हिंडायच्या. डबा तापला की लस वाया जाणार, म्हणून कोणत्या वेळी कोणत्या झाडाखाली सावली असेल याचा हिशेब त्यांच्या डोक्यात कायमचा बसला होता. निवृत्तीनंतरही ती सवय गेली नाही. भाजी घ्यायला निघाल्या तरी जाताना रस्त्याच्या एका बाजूने जायच्या आणि येताना दुसऱ्या. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल "मी जातो, मी करतो" असंच म्हणत. बैठकीच्या खोलीत बुद्धाचा फोटो होता. त्याच्या शेजारी वारलेल्या काकांचा, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतल्या हेल्मेटसकट.

मी त्यांच्या अगदी उलट. घर मराठी, शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी. मला तिन्ही भाषा समजायच्या आणि तिन्हींत गप्प बसता यायचं. घरी बसून लोकांच्या व्हिडिओंसाठी इंग्रजी उपशीर्षकं लिहिण्याचं काम मी करत होते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं आणि आपण तोंड उघडायचं नाही. मला ते काम फार आवडायचं.

त्या खोक्यामागे एक पैज होती. आदल्या उन्हाळ्यात वीज गेलेली असताना काकू उकाड्याने घेरी येऊन स्वयंपाकघरात पडल्या होत्या. संध्याकाळी दूधवाला आला तेव्हा कुठे कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी, सीमाताई, नागपूरला असतात. त्या धावत आल्या आणि म्हणाल्या, घर विकू, तू माझ्याकडे चल. काकू म्हणाल्या, एक उन्हाळा दे. मे महिन्यात येऊन पाहा. या घरात माणूस राहू शकत नाही असं तुला वाटलं, तर मी बॅग भरीन.

त्या बॅग खरंच भरणाऱ्यांपैकी होत्या, आणि शब्द मोडणाऱ्यांपैकी नव्हत्या. म्हणून मला भीती वाटत होती. का, ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

छत वरच्या मजल्यावरच्यांच्या मालकीचं होतं आणि ते तिथे सौर पॅनेल बसवू देईनात. काकूंच्या वाट्याला फक्त खिडक्या होत्या, त्यातल्या दोन पश्चिमेकडे. दुपारनंतर तिथून जे ऊन आत यायचं, त्याला काकू 'जावई' म्हणत.

"न बोलावता येते, संध्याकाळलोक बूड हालवत नाही, अन् कामाचं नाव नाही," त्या मला म्हणाल्या. "इतकी वर्षं बसवून खाऊ घातलं. आता लावतो त्याले कामाले."

मोबाइलवर त्यांनी कुठेतरी ते पडदे पाहिले होते. खिडकीबाहेर टांगायचे, आडव्या पट्ट्यांचे. प्रत्येक पट्टीवर सौर पॅनेलसारखा काळा पातळ थर. दोरी ओढली की पट्ट्या उन्हाकडे वळायच्या. त्यातून तयार झालेली वीज खिडकीखालच्या एका डब्यात साठायची आणि तिच्यावर एक खास पंखा, दोन दिवे आणि मोबाइल चालायचा. कूलर चालणार नव्हता. माहितीपत्रकात ते वाचून दाखवताना माझा आवाज खाली गेला.

"कूलर राहू दे," काकू म्हणाल्या. "पंखा तं फिरन नं? पुढचं वाच. अन् मराठीत सांग, मी काय विलायतेत शिकलो?"

मी मराठीत सांगू लागले. अडखळत, मध्येच हिंदीचा आधार घेत. एवढं सलग मराठी मी त्याआधी कधी बोलले असेन असं वाटत नाही. काकू एकदाही हसल्या नाहीत. फक्त माझ्या "इसको यहाँ जोडायचं" या वाक्यावर म्हणाल्या, "हौ, जोडू. तुह्या मराठीले पण जोडू हळूहळू."

पडदे लावायला गल्लीतला दिलीप इलेक्ट्रिशियन आला. तो आधी खिडकीकडे आणि मग काकूंकडे पाहत म्हणाला, "काकी, इससे अच्छा तो भूसे का कूलर था." काकूंनी त्याला शिडीवर चढवलं आणि खालून सूचना देत राहिल्या. संध्याकाळी वीज गेली तेव्हा तो अजून तिथेच तारा गुंडाळत होता. काकूंनी बटण दाबलं. पंख्याने क्षणभर विचार केला आणि तो फिरू लागला. दिलीप पंख्याखाली येऊन उभा राहिला, शर्टाचं वरचं बटण उघडलं आणि म्हणाला, "चल रहा है, यार." हे तो स्वतःलाच सांगत असावा.

आमच्याकडे वीज गेली की बायका गॅलरीत आणि पायऱ्यांवर येऊन बसतात, हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन. त्या एप्रिलपासून त्या सगळ्या काकूंच्या बैठकीत बसू लागल्या. पट्ट्या उन्हाकडे वळून ऊन अडवत असल्याने खोलीत अंधूक गारवा असायचा आणि वर पंखा. काकू दर थोड्या वेळाने उठून दोरी ओढायच्या. ऊन सरकेल तशा पट्ट्या सरकवायच्या. खिडकीबाहेर न पाहताही त्यांना ते कळायचं. मीही माझा लॅपटॉप घेऊन तिथे जाऊ लागले. आईला सांगितलं की वीज गेली की काम अडतं. ते खरं होतं. पण वीज असतानाही मी तिथेच जायचे.

"बोलत नाही, पण बसते बापा पोरगी," काकू माझ्याबद्दल शेजारणींना माझ्यासमोरच सांगत. "बसणाऱ्या माणसाची किंमत बोलणाऱ्याले काय समजन?"

मग मे उजाडला आणि काकूंनीच घोटाळा केला.

त्या खिडक्यांना पूर्वी वाळ्याचे पडदे असायचे. दुपारी त्यांच्यावर पाणी मारायचं की वारा गार आणि सुगंधी होऊन आत येतो. बालाघाटच्या घरांमध्ये ही सवय हाडात भिनलेली असते. एका दुपारी गरम वाऱ्याची लू सुटली होती, वीज गेली होती, काकू अर्धवट झोपेतून उठल्या, बादलीत मग बुडवला आणि थेट खिडकीवर पाणी फेकलं. एकदा नाही, पडदा चिंब होईपर्यंत. पट्ट्यांना काही झालं नाही, त्या पावसासाठीच बनवलेल्या होत्या. पण पाणी ओघळून खिडकीखालच्या डब्यात शिरलं. पंखा थांबला.

मी दारातून पाहिलं तर काकू हातात मग घेऊन तशाच उभ्या होत्या. सीमाताई त्याच आठवड्यात येणार होत्या.

"भिजला मोबाइल लोक तांदळात ठेवते नं?" मग बादलीत टाकत त्या म्हणाल्या.

त्यांनी तो डबा सोडवून सुवासिक चिन्नोर तांदळाच्या कोठीत गळ्यापर्यंत पुरला. दिलीपला कळलं तेव्हा तो हसून हसून जमिनीवर बसला. पण त्यानेच तो उघडला, आतले जोड घासले, पुसले, वाळवले. मी कंपनीला लिहिलं. फोन करणं मला जमलं नसतं. नवा भाग पाठवतो, असं त्यांचं उत्तर आलं, पण तो यायला वेळ लागणार होता. दिलीपच्या खटपटीनंतर दोनपैकी एक पडदा डब्याशी पुन्हा जोडला गेला. दुसरा नुसता सावलीपुरता उरला. पंखा फिरायचा, पण दमलेल्या माणसासारखा. आणि खोलीभर तांदळाचा मंद सुवास.

"चालन," काकू म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी पलंगाखालून बॅग काढून तिची धूळ पुसली.

सीमाताई भर दुपारी आल्या. मी तेव्हा काकूंकडेच होते, लॅपटॉप मांडीवर घेऊन. काकूंनी आंब्याचं पन्हं दिलं आणि वीज जायची वाट पाहत बसल्या. जगात बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी वीज जावी म्हणून इतकं आतुर होतं. ती गेली. काकूंनी बटण दाबलं आणि पंखा फिरू लागला. काकू वर पाहत राहिल्या.

सीमाताईही वर पाहत होत्या. मग त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, दोरी ओढून पाहिली, पट्टीला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

"एकच चालू आहे नं? दुसरा?"

"मी पाणी मारलं त्याच्यावर," काकू म्हणाल्या. खोटं त्यांना येत नव्हतं. "सवयीनं."

सीमाताईंना हसू आलं आणि पुढच्याच क्षणी डोळे भरले. "आई, पंखा चांगला आहे. खरंच सांगतो. मले वाटलं नव्हतं इतकं होइन म्हणून. पण मी पंख्यासाठी भांडून राह्यली होती काय? तू मागच्या वर्षी पडली, तं दुपारभर कोणाले माहीत नव्हतं. उद्या परत पडली, तं हा पंखा कोणाले सांगन?"

काकूंनी मान खाली घातली आणि पदराने हात पुसू लागल्या. ते हात कोरडेच होते. मग त्या हळूच म्हणाल्या, "बॅग भरतो."

मी लॅपटॉप बंद केला. त्यानंतरचे दोन उन्हाळे काकू त्याच खिडकीत दोरी ओढत बसल्या. दुसरा पडदाही पुढे चालू झाला, आणि सीमाताई रोज संध्याकाळी मला फोन करू लागल्या, मी तो उचलूही लागले. पण त्या दुपारी यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की एक बाई बॅग घ्यायला वाकते आहे आणि खोलीत आम्ही तिघीच आहोत.

"ताई," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला परका वाटला, "काकूले नका नेऊ. मी रोज दुपारी इथंच बसतो. मी सांगन तुम्हाले."