केंबरं नसलेलं उंबर

आमच्या आतोबांनी एकदा मनावर घेतलं, की ब्रह्मदेवानेही मुकाट्याने बाजूला व्हावं. आत्याचे यजमान म्हणून त्यांचा धाक होता आणि माणूस म्हणून आमचा त्यांच्यावर भारी जीव होता. पुलगावच्या उन्हाळ्यात ते गरम कोट घालून हिंडत. "ऊन बाहीर राह्यते," म्हणत. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तर दुरुस्त न करता त्याचे काटे वर्षभर हाताने फिरवले. पण खरा हट्ट म्हणजे परसातला वेल.

लढाईत ते सिंगापूरला होते. तिथे एक म्हातारी वेलावरच्या उंबरांचं बी फडक्यात बांधून गार पाण्यात चोळायची. चूल नाही, काही नाही, तरी घटकाभरात पाणी खरवसासारखं गोठायचं. वर लिंबू नि साखर. आतोबांनी हे इतक्यांदा सांगितलं, की आत्या एकदा म्हणाली, "थापा नका मारू आता." झालं! तिला ते करून खाऊ घालायचंच, असा त्यांनी पण केला. नागपूरच्या एका बंगल्याच्या भिंतीवर तोच वेल दिसला, तेव्हा माळ्याच्या हातापाया पडून फांदी आणली आणि परसातल्या भिंतीशी लावली. सहा उन्हाळे विहिरीच्या पाण्याने भिंत भिजवली. भिंत खचली, आतोबा नाही.

सातव्या उन्हाळ्यात लहान पेरूएवढी फळं धरली. आतोबांनी गल्ली गोळा करून एक फळ फोडलं. "पाहून घ्या! आपल्या उंबरात केंबरं वळवळतेत. माह्या फळात एक सापडलं तं मिशी उतरवीन!" खरंच एकही किडा नव्हता, आणि तेच तर दुखणं होतं. उंबराच्या जातीत केंबरांनी पराग आणल्याशिवाय बी धरत नाही, आणि या वेलाची केंबरं समुद्रापलीकडेच राहिली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कॉलेजात कळलं. आतोबा मात्र तो पोकळ गर फडक्यात बांधून चोळत राहिले.

घटका गेली, दुपार गेली. पातेल्यातलं पाणी हलत होतं ते हलतच राहिलं. गल्ली हसू दाबत उठून गेली. "गोठते. काऊन नाई गोठणार?" आतोबा म्हणाले आणि पुन्हा फडकं चोळू लागले. मला फार वाईट वाटलं.

आत्या उठली. वाटीभर पाणी काढून त्यात साखर घातली, लिंबू पिळलं आणि चमचा घेऊन सावकाश खायला बसली.

"गोठलं काय व?" आतोबांनी हळूच विचारलं.

"गोठलं नसतं तं चमच्यानं कायले खाल्लं असतं?" असं म्हणून तिने एक चमचा त्यांच्यापुढे धरला.

आतोबांनी तो तोंडात घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.