घरट्याकडे निघालेली घार

आज मोहाच्या फुलांचा वास आला आणि लग्नानंतरचा पहिला फाल्गुन आठवला. बालाघाटला वैनगंगेच्या घाटावर मी जाऊबाईंसोबत धुणं धूत होते. माझी आई अंथरुणाला खिळली होती, तरी सासरे मला भंडाऱ्याला जाऊ देत नव्हते. हिवाळाभर नदीत मासे धरणारी पांढऱ्या पोटाची घार उंच उठली आणि उत्तरेकडे निघाली.

"दरसाल जाते, आपल्या घरट्याकडं," जाऊबाई म्हणाल्या.

"मंग मलेच काहून अडवून राह्यले?"

"मले बी अडवलं होतं. पोचलो तं माय सरणावर होती." त्यांनी माझी बादली ओढून घेतली. "तू ठेसनावर जाय. घरी मी सांगतो."

तेव्हा मी सुटले, एवढंच मला कळलं. दोघींचं ओलं धुणं घेऊन त्या एकट्याच त्या घरात परत गेल्या, हे आज दिसतं.