गुरुवारचा पिवळा दिवा

नवीन इंजिनं समजणारा देवासात एकच माणूस आहे आणि तो मी, असं मी त्या दिवसांत बिनदिक्कत सांगत असे. दोन हजार सालानंतरची सात-आठ वर्षं उलटली होती. माझ्याकडे तळहातावर मावेल एवढं स्कॅनर होतं. गाडीला जोडलं की इंजिन आपलं दुखणं कोडमध्ये सांगे. शेजारचे मिस्त्री अजून इंजिनाला कान लावून बसत आणि मी त्यांची टिंगल करत असे. फार चूक करत होतो असं आजही वाटत नाही. पण एका गाडीनं मला चांगलंच पाणी पाजलं.

ती गाडी धारच्या एका डॉक्टरीणबाईंची. साठी उलटलेली, सरकारी नोकरीतून निवृत्त, घराणं संस्थानी काळापासून धारमधलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. गाडी त्या स्वतः चालवत. दर गुरुवारी सकाळी सहाला निघून आडबाजूच्या गंधवानी गावाला जात आणि दिवसभर तिथल्या बायकांना, मुलांना तपासत. महिन्यातून एकदा देवासला टेकडीवर देवीची ओटी भरायला येत, तेव्हा गाडी माझ्याकडे सोडून रिक्षानं पुढं जात.

पहिल्यांदा आल्या तेव्हा समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला होता. स्कॅनर म्हणालं, कॅमशाफ्टचं टायमिंग चुकतंय. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर फिरणारा दांडा; झडपा कधी उघडायच्या नि कधी मिटायच्या ते तो ठरवतो. या नव्या इंजिनांत ती वेळ चालता चालता मागंपुढं होते, आणि ते काम इंजिनाचंच तेल करतं, एका बारीक व्हॉल्व्हमधून. मी व्हॉल्व्ह काढला. त्याची जाळी गाळानं बुजली होती. साफ केली, पुस्तकात सांगितलेलं पातळ तेल मोजून भरलं, कोड पुसला.

"बाई, आता हा दिवा विसरा," मी म्हणालो.

महिन्यानं त्या दिव्यासकट आल्या. "गुरुवारीच लागतो," त्या म्हणाल्या. "एरवी माझ्या दवाखान्यात, बाजारात जाते तेव्हा नाही."

"गाडीला वार कळत नाही बाई," मी हसून म्हणालो. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते. कारण उत्तर त्यांनी तिथंच माझ्या हातात दिलं होतं.

इंदूरहून नवा व्हॉल्व्ह मागवून बसवला. दिवा पुन्हा लागला. मी दुकानदाराला फोनवर झाडलं, तर तो म्हणाला, "भिया, पार्ट तो ओरिजनल है, तुम अपना काम देख लो." त्याच्या या उत्तरानं माझा दिवस नासला. तिसऱ्या खेपेला मी सेन्सर बदलला, पुढचं कव्हर उघडून चेन तपासली, दातेचक्रांवरच्या खुणा जुळवून पाहिल्या. सगळं जिथल्या तिथं. तेलाची पट्टी काढली तर तेल खुणेच्या वर बोटभर. मागच्या वेळी माझ्याच हातून जास्त पडलं असेल, असं म्हणून मी सगळं काढून नवं भरलं आणि विषय सोडला. स्वतःची चूक मी इतक्या सहज कधी मान्य करत नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्या दिवशी निघताना बाई म्हणाल्या, "मुलानं अट घातली आहे. आता दिवा लागला, तर गंधवानी बंद. एकटी बाई, वाटेत गाडी बंद पडली तर काय करशील, म्हणतो. मी शब्द देऊन बसले आहे त्याला. तिथं बायकांना तपासायला दुसरी डॉक्टरीण नाही हो."

"पुन्हा लागला, तर या गॅरेजचं शटर कायमचं खाली ओढीन," मी म्हणालो. मला मोठं बोलायची सवय आहे. पण या वेळी आतून टरकलो होतो.

कोपऱ्यात लोखंडी स्टुलावर पंचाहत्तरीला टेकलेले बाबा बसले होते. त्यांनी मान हलवली. बाबा साताऱ्याकडून नोकरीसाठी देवासला आलेले, तीस वर्षं कारखान्यात लेथवर. ते निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत आई गेली. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नव्हतो, म्हणजे घरात आम्ही दोघंच. एकट्यानं घरी बसण्यापेक्षा ते माझ्याबरोबर गॅरेजवर येत. सोबत मशीनच्या तेलाचा डबा असे, कारखान्यात वापरत तेच दाट तेल. शटर, बिजागऱ्या, लोखंड पकडायचा वाईस, जे कुरकुरेल त्याला तेल. मी त्यांना गाड्यांना हात लावू देत नसे, आणि ते लावत नाहीत अशी माझी समजूत होती.

चार दिवसांनी बुधवारी मी बसनं धारला गेलो. गाडी फक्त गुरुवारी बिघडते ना, मग गुरुवारी सकाळी तिच्या शेजारी उभं राहायचं. बरोबर तेलाचा नवा कॅन आणि फिल्टर घेतला होता, असावा म्हणून. बाईंनी मला बाहेरच्या खोलीत झोपवलं. सकाळी साडेपाचला कडाक्याची थंडी होती, आणि तिथंच डोक्यात प्रकाश पडला. आठवड्यात गाडी एवढ्या गार वेळी फक्त गुरुवारी सुरू होते. बाकीच्या दिवशी ऊन आल्यावर. माझ्याकडे तर धारहून लांबचा रस्ता कापून, तापूनच पोचते. म्हणजे गारठ्यात तेल हलत नाही. पण तेल तर पातळ होतं, मीच भरलेलं.

पट्टी काढली. पुन्हा बोटभर वर. पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहत होतो तोवर वास आला.

तो वास मी शाळेत होतो तेव्हापासून ओळखतो. संध्याकाळी बाबांनी दाराच्या खिळ्यावर खाकी शर्ट अडकवला की सगळी खोली त्या वासानं भरे. देवासात तो वास माझ्या गॅरेजमध्ये दिवसभर असे, म्हणून मला कधी आलाच नाही. धारच्या त्या स्वच्छ अंगणात तो एकटाच होता.

बाई चहा घेऊन बाहेर आल्या. मी विचारलं, "माझे वडील तुमच्या गाडीत तेल घालतात?"

"हो, दर वेळी. तुम्ही मागं नळावर हात धुवायला जाता तेव्हा."

मी उखडलो. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"मला वाटलं, तुमच्याकडची रीत असेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या खेपेला डबा घेऊन आले नि म्हणाले, आमच्या दारातून बाईमाणूस कधी रिकाम्या ओटीनं गेलं नाही. आता भरणारी राहिली नाही. मी बाप्यामाणूस, गाडीची भरतो." चहाचा कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "मी महिन्याच्या महिन्याला देवीची भरते. माझी कोण भरणार आता? मी काही बोलले नाही. बरं वाटलं मला, माहेरी आल्यासारखं."

माझ्या रागाचं पार पाणी झालं.

"त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "जीव लावून करतात. गुरुवार गेले तर गेले, माझंही वय झालंच आहे."

ते मात्र मी ऐकणार नव्हतो. अंगणातच गाडीखाली शिरलो, सगळं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं भरलं. बाई तासभर उशिरा निघाल्या. मी शेजारी बसून गंधवानीपर्यंत गेलो, डोळे दिव्यावर. लागला नाही.

देवासला आल्यावर बाबांना सरळ सांगितलं. मशीनच्या माणसाला गोड बोलून फसवणं हा त्याचा अपमान असतो, असं माझं मत आहे. "बाबा, तुमच्या तेलानं बाईंचं गंधवानी बंद होणार होतं."

ते स्टुलावरून उठले. डब्याचं झाकण लावून घरी गेले आणि दोन दिवस गॅरेजवर आले नाहीत. ते दोन दिवस फार वाईट गेले. तिसऱ्या दिवशी आले ते म्हणाले, "वो व्हॉल्व्ह दाखव जरा."

मी जुना व्हॉल्व्ह दिला. त्यांनी त्याच्या जाळीवर आपल्या तेलाचा थेंब सोडला. थेंब तसाच बसून राहिला. मग माझ्या तेलाचा सोडला, तो झिरपून गेला.

"तीस सालांत माझ्या हातून मशीन बिघडली नव्हती," ते म्हणाले. मग चष्मा पुसत विचारलं, "डॉक्टरीणबाई रागावल्या असतील?"

"नाही. बरं वाटायचं म्हणाल्या."

पुढच्या महिन्यात बाई आल्या तेव्हा मी पातळ तेल भरताना पाव लिटर मापात ठेवलं आणि माप बाबांकडे दिलं. "एवढं तुम्ही घाला. याच्यावर एक थेंब नको."

त्यांनी आधी हात धुतले. मग दोन्ही हातांनी माप धरून सावकाश ओतलं. एरवी बाई तोवर गाडीत बसलेल्या असत. त्या दिवशी उतरल्या, पदर सावरला आणि माप रिकामं होईपर्यंत बॉनेटपाशी उभ्या राहिल्या.

गुरुवारी सकाळी गॅरेजचा फोन वाजला. माझे हात ग्रीसनं भरलेले होते, म्हणून बाबांनी उचलला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही.

"पोचलीस ना बेटा?" बाबा म्हणाले. "दिवा? नाही ना लागला? बस, बस. आता पेशंट बघ."